कावळ्याने धर्म विचारला

गोदावरीच्या त्या धक्क्यावर सकाळपासून कावळ्यांपेक्षा माणसंच जास्त ओरडत होती. नाशिक शहर संपतं त्याच्या जरा पुढं हा धक्का. पूर्वी इथं कुणी फिरकत नसे. मग काकनाथ महाराज येऊन बसले आणि दहाव्याच्या विधीला गाड्यांची रांग लागू लागली. महाराजांना कावळ्यांची भाषा येते, असा बोलबाला होता. पिंडाला कावळा शिवला नाही की महाराज झाडाकडं कान लावत, कावकाव ऐकत आणि मेलेल्या माणसाची अडकलेली इच्छा सांगत. घरच्यांनी ती कबूल केली की कावळे झाडावरून उतरून भात उचलत. लोक हात जोडत, बायका रडत आणि उरलेले मोबाइलवर व्हिडिओ काढत.

आता एका म्हाताऱ्याच्या पिंडापुढं त्याची मुलं बसली होती.

"दोनदा काव, मग थांबून एकदा," महाराज म्हणाले. "बाबा म्हणतात, गादी. गादीवर झोप लागत नाही."

"मेल्यावर?" थोरल्यानं विचारलं.

"आत्म्याला झोप नसते का? गाद्या कुणाकडनं भरून घेता?"

मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. "चौकातले चाचा आहेत ना, ते..."

"झालं तर मग."

यापुढं चाचांची पायरी चढणार नाही, असं थोरल्यानं मोठ्यानं सांगितलं. थोड्या वेळात कावळे उतरले. गर्दीनं जयजयकार केला.

गोरक्षआप्पा पायरीवर बसून हे बघत होते. म्हातारा मरून गादीचा विचार करतो आणि कावळा त्याचा निरोप आणतो, याचं एरवी त्यांना हसू आलं असतं. पण आज साळूबाईचा दहावा होता आणि पुढचा नंबर त्यांचा होता.

साळूबाई म्हणजे त्यांची बायको. लकव्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. नातेवाईक द्राक्षं घेऊन भेटायला यायचे आणि गप्पा मारता मारता स्वतःच संपवून जायचे. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, तिची कूस बदलणं, यात आप्पांच्या जोडीला एकच माणूस होतं, भिमाबाई. सातपूरच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. एकटी. धर्मानं बौद्ध. सुरुवातीला आप्पांनी हाक मारली म्हणून खाली आली. नंतर हाक मारावी लागली नाही.

पिंड मांडले. समोरचा उंबर कावळ्यांनी भरलेला होता, पण एक हलेना.

आप्पांचा मुलगा शेखर हात जोडून म्हणाला, "आई, तुझ्या नातीच्या, आरोहीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस."

कावळे ढिम्म.

"नथ सुनंलाच देऊ गं साळू," सिन्नरहून आलेली आप्पांची थोरली बहीण धोंडाबाई म्हणाली. तिला सगळे आक्का म्हणत.

कावळे ढिम्म.

"गोळ्या वेळेवर घेईन," आप्पा हळू आवाजात म्हणाले.

तरी ढिम्म. आप्पांचा या प्रकारावर फारसा विश्वास नव्हता. पण बायकोच्या नावाचा भात समोर पडलाय आणि त्याला कुणी तोंड लावत नाही, हे बघवत नव्हतं. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. काही राहून गेलं असेल का?

महाराजांनी कान लावला. "पाणी, पाणी म्हणताहेत माउली. परधर्माच्या हातचं पाणी घशात अडकलंय. घरात कुणीतरी आहे. वरच्या अंगाला."

"वरच्या खोलीतली," आक्का म्हणाली. "लय मोठं ज्ञान हाय हो महाराजांकडं."

ज्ञान कुठून आलं ते आप्पांना माहीत होतं. सकाळी टपरीवर चहा पिताना आक्कानंच महाराजांच्या चेल्याला, मंगळूला, घरात कोण कुठं राहतं ते सगळं सांगितलं होतं.

"खोली रिकामी करू, असं नदीपुढं बोला," महाराज म्हणाले. "मग बघा."

"आप्पा, बोलून टाका ना," शेखर म्हणाला. "लोक खोळंबलेत."

"आणि भिमाबाई कुठं जाईल?"

"मिळेल तिला दुसरीकडं."

भिमाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. ती तिथूनच बोलली. "जाते मी आप्पा. पण बाई तहानलेली गेली असं कुणी म्हणू नका. शेवटचं पाणी मी पाजलंय तिला. चमच्यानं. निम्मं सांडलं, निम्मं पोटात गेलं."

"बघा," आक्का म्हणाली. "सोताच कबूल करती."

आप्पा उठले.

"कुठं निघालात?" महाराजांनी विचारलं.

"लघवीला. साखर आहे मला. कावळ्यांना सांगा थांबायला."

धक्क्याच्या कडेला एक उंच भिंत होती. आप्पा तिच्या मागं गेले, तर तिथं मंगळू उकिडवा बसलेला. हातात लांब बांबू आणि बांबूच्या टोकाला पाय बांधून टांगलेला मेलेला कावळा. पायऱ्यांवरच्या माणसांना भिंतीमुळं तो दिसत नव्हता. उंबरावरच्या कावळ्यांना मात्र अगदी समोर होता.

आप्पा ज्या कामासाठी आले होते ते विसरले.

"ही होय कावळ्याची भाषा," ते म्हणाले.

मंगळूचं तोंड उतरलं. "पोटासाठी करतो वो."

"मग आज माझ्यासाठी कर. त्याला पोत्याखाली झाक आणि मी हाक मारेपर्यंत गप बस. नाहीतर बांबू इथंच आहे."

आप्पा परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "साळू, भिमाबाई वरच्या खोलीतच राहील. तिला वाटेल तोवर राहील. तिच्या हातचं पाणी मीही पिईन. पटत असेल तर कावळा पाठव."

महाराज डोळे मिटून हसले. "अहो, अशानं सात जन्म ही माउली..."

पहिला कावळा उतरला. मागोमाग चार उतरले. त्यांनी भात खाल्ला, आपसांत भांडले आणि एकानं तर पत्रावळच ओढत नेली.

"काय म्हणतोय हा?" आप्पांनी विचारलं. "भाषांतर करा की."

"माउलींनी तुमची परीक्षा घेतली," महाराज म्हणाले.

"मंगळू, बाहेर ये. बांबू घेऊन ये."

मेलेला कावळा दिसताच जिवंत कावळे कलकलाट करत उंबरावर गेले. आप्पांनी तो झाकायला लावला. जरा वेळानं कावळे पुन्हा उतरले. काढायला लावला, पुन्हा उडाले.

"आक्का, भुईमूग पेरल्यावर आपले वडील शेतात काय टांगायचे?"

आक्कानं बांबूच्या टोकाकडं पाहिलं. मग म्हणाली, "मेलेला कावळा."

"कशाला?"

"त्यो दिसला की बाकीचे भितात. खाली उतरत नाय."

"मग इतका वेळ आठवलं कसं नाही तुला?"

"देवाच्या कामात शेत कुठं आठवायचं, गोरखा."

गादीच्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा महाराजांपुढं उभा राहिला. "म्हणजे आमचा बाप गादीबद्दल काही बोललाच नाही?" महाराज झोळी आवरू लागले तशी ती दोघांनी धरली. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"पण गोरखा," आक्का हळूच म्हणाली, "धर्म म्हणून काही हाय का नाय?"

"आहे ना. साळूची पाठ सोलायला लागली तेव्हा दर दोन तासांनी तिची कूस बदलायला लागायची. ते जिनं केलं तिनं धर्म पाळला. तू आणि मी आज इथं तिलाच घराबाहेर काढायला बसलो होतो. कुठला धर्म हे शिकवतो, ते मला दाखव."

पुढच्या नंबरची बाई पिंडाचं ताट घेऊन तशीच उभी होती. "आता आम्ही काय करायचं?" तिनं विचारलं.

"भात ठेवा," आप्पा म्हणाले. "भूक असली तर कावळा येईल. पोट भरलेलं असलं तर नाही येणार. आणि तुमचं गेलेलं माणूस अमक्याला हाकला म्हणतंय, असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, तुला कसं कळलं? मेलेला बोलत नाही. त्याच्या नावानं बोलणारा जिवंत असतो आणि त्याला काहीतरी हवं असतं."

मग ते नदीकडं बघत म्हणाले, "साळूच्या मनात शेवटी काय होतं, ते मला कळलं नाही. आता कळणारही नाही. त्याचं दुःख मी करीन. त्यासाठी दुसऱ्या कुणाचं घर मोडायचं कारण नाही."