कोर्ट उठेपर्यंत

बाबांना अटक झाली त्या दुपारी मी छापखान्यात भूगोलाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत बसले होते. फोन आत्याचा होता. "घाबरू नकोस," ती म्हणाली, म्हणजे प्रकरण घाबरण्यासारखंच होतं. "दादाला पोलिसांनी नेलंय. घरफोडी म्हणतात."

बाबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे. उभं आयुष्य कुलपं दुरुस्त करण्यात आणि किल्ल्या घासण्यात गेलेलं. आमच्या गावात कुणाचं कपाट अडलं, कुणी स्वतःलाच घराबाहेर कोंडून घेतलं, की बाबांना बोलावणं यायचं. पोलीस ठाण्यातल्या तिजोरीची किल्ली त्यांनी दोनदा करून दिली होती. अशा माणसाला घरफोडीत धरलंय हे ऐकून मला आधी हसूच आलं. मग मुद्रितं तशीच टाकून मी रजेचा अर्ज लिहिला.

आत्या म्हणजे बाबांची मामेबहीण. तिचं गाव आमच्यापासून बसने साडेचार तासांवर, पण मधे राज्याची हद्द. त्याच गावात बाबा आपल्या मामांच्या हाताखाली धंदा शिकले, पंधराव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत. तिथून निघाले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. मामा वारले तेव्हाही नाही. आई गेल्यानंतरच्या वर्षी आत्याने फारच गळ घातली, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि तिसऱ्या दिवशी कोठडीत जाऊन बसले.

घडलं होतं ते एवढंच. जेवण झाल्यावर बाबा पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि चालता चालता मामांच्या जुन्या दुकानासमोर आले. दुकान केव्हाच विकलं गेलं होतं. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई तिथे कापडाचे तागे ठेवायच्या. दाराला कुलूप होतं. बाबांनी खिशातून हत्यारांची चामडी पिशवी काढली, कुलूप उघडलं आणि आत जाऊन खोक्यावर बसले. समोरच्या न्हाव्याने ते पाहिलं. त्या गल्लीत त्या वर्षी तीन चोऱ्या झाल्या होत्या. पोलीस आले तेव्हा बाबा तसेच बसलेले होते. "या," असं म्हणाले म्हणे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. किल्लीवाल्याचा परवाना बाबांच्या पाकिटात होता. हवालदाराने तो उलटापालटा करून पाहिला आणि मला परत दिला. "हा तुमच्याकडचा. इकडे हा नुसता कागद आहे." त्या राज्यात असली हत्यारं परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच वेगळा गुन्हा होता. म्हणजे घरफोडी एक, हत्यारं दोन, आणि त्या तीन चोऱ्याही यांच्याच नावावर चढवता येतात का, ते साहेब बघत होते.

आत्या जामीन राहिली. बाहेर आल्यावर बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझ्या दारात पोलीस आणले," एवढंच पुटपुटले.

"मग काय झालं," आत्या म्हणाली. "इतक्या वर्षांनी कुणीतरी आलं. चल, जेवण गार होतंय."

वकील आत्यानेच शोधला. चांगला होता, पण कायम घोड्यावर बसून आल्यासारखा. बाबा त्याला 'घाईवाले' म्हणायचे. पहिल्याच भेटीत घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "काका, सोपं आहे. दार उघडंच होतं, असं सांगा. आत डोकावलात, बसलात. संपलं."

"कुलूप लावलेलं होतं."

"ते तुम्हाला माहीत. त्यांना सिद्ध करू दे."

"अहो, दार उघडं असतं तर मी आत कशाला गेलो असतो?" बाबा म्हणाले.

घाईवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग सुरू झाल्या तारखा. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, कधी तिसऱ्या. चौदा महिन्यांत नऊ वेळा गेलो. सोमवारी सकाळी बस धरायची, आत्याकडे मुक्काम करायचा, मंगळवारी कोर्टाच्या ओसरीत पुकाऱ्याची वाट बघत बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. त्याआधी आम्ही बापलेक एकाच घरात राहूनही जेवताना 'मीठ दे' आणि झोपताना 'दिवा घालव' यापलीकडे बोलत नव्हतो. आई होती तोवर ती मधे असायची. तिच्यामार्फत सगळं पोचायचं. आता साडेचार तास शेजारी शेजारी बसायचं म्हटल्यावर बोलण्यावाचून इलाज नव्हता.

पहिल्या दोन खेपांना ते गप्पच होते. तिसऱ्या खेपेला हद्दीवरच्या नाक्यावर बस तपासणीसाठी थांबली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. "तू विचारलं नाहीस," ते म्हणाले.

"काय?"

"उघडलं कशाला, ते."

मी विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटत होती. वय झालं, डोकं चालेनासं झालं, असं काही निघालं तर?

"ते कुलूप माझं होतं," बाबा म्हणाले. "मी केलेलं. पहिलं. बाविसाव्या वर्षी, सगळं हाताने. चार महिने लागले. मामांना दाखवलं. त्यांनी दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, याला कुलूप म्हणायचं तर म्हण. चार लोकांसमोर. मी त्याच आठवड्यात निघालो."

"एवढ्यावरून?"

"तेव्हा एवढं पुरायचं."

बस सुरू झाली. नाका मागे पडल्यावर ते पुढे बोलले. "त्या दुपारी बघतो तर दुकानाच्या दाराला तेच कुलूप. म्हाताऱ्याने स्वतःच्या दुकानाला ते लावलं होतं. दुसरी काय कमी कुलपं होती त्याच्याकडे? मी गेल्यावर कधीतरी लावलं असणार. मला कळवलं नाही. आणि मी त्याला खांदा द्यायलाही आलो नाही." त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला. "मग हात थांबला नाही."

त्यानंतर मात्र गाठ सुटल्यासारखं झालं. कोर्टातून सुटलो की ते मला गावभर फिरवायचे. मामा कानशी कुठून आणायचे, सकाळी नळावर अंघोळीचा नंबर कसा लागायचा, चुकीची खाच पाडली की मामा डोक्यात टपली मारून तीच किल्ली पुन्हा घासायला लावायचे, सगळं जागेवर उभं राहून सांगायचे. एकदा हिरव्या खिडकीच्या घरासमोर थांबले.

"इथे एका उन्हाळ्यात चार वेळा आलो होतो. एकच कपाट. त्या घरातली मुलगी किल्ली हरवायची."

"चार वेळा हरवली?"

"हरवली की मुद्दाम हरवली, ते मी विचारलं नाही."

"मग?"

"मग मामांनी तिच्या वडलांना नवीन कुलूप दिलं. चार किल्ल्यांसकट." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "चांगलं कुलूप होतं."

आईला हे माहीत होतं का, असं विचारलं तर म्हणाले, "तीच मला त्यावरून चिडवायची." आईचा विषय तिच्या जाण्यानंतर आमच्यात पहिल्यांदा निघाला तो असा, परगावच्या रस्त्यात, फौजदारी खटल्याच्या मधल्या सुट्टीत.

सातव्या तारखेला शिवणकामवाल्या बाईंची साक्ष झाली. सरकारी वकिलाने तीन चोऱ्यांची यादी वाचून दाखवली आणि चौथी तेवढी वेळेत पकडली गेली, असा एकूण सूर लावला. बाबा पिंजऱ्यात हात मागे बांधून उभे होते. मला पहिल्यांदाच ते लहानखुरे वाटले.

घाईवाले उठले. "बाई, कुलूप मोडलं होतं का?"

"नाही."

"ओरखडा?"

"नाही. आधीच्या तिन्ही ठिकाणी पहारीने कोयंडे उचकटले होते. हे तसं नव्हतं."

"आतलं काही गेलं?"

"नाही. दोऱ्याची रिळं जमिनीवर सांडली होती, ती उलट फळीवर लावून ठेवलेली होती."

"कुलपात काही फरक?"

बाई घुटमळल्या. "खरं सांगू का? आधी ते फार जड फिरायचं. मनगट दुखायचं. त्या दिवसापासून लोण्यासारखं फिरतंय. यांनी त्यात तेल घातलंय."

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकीलसुद्धा कागदात बघून हसला. न्यायाधीश बाईंनी पेनाने टेबल वाजवलं आणि बाबांकडे वळल्या. "तुम्ही तेल घातलंत?"

"दोन थेंब," बाबा म्हणाले. "सुकलं होतं."

"दुसऱ्याच्या दुकानात विचारल्याशिवाय जायचं नसतं, हे तुम्हाला या वयात सांगायला हवं?"

"नाही. ते चुकलंच. बाई शेजारीच होत्या, विचारायला हवं होतं. सात वर्षं रोज सकाळी मीच ते दार उघडत होतो, म्हणून विचारायचं सुचलं नाही. पण चुकलं."

घाईवाल्यांनी कपाळाला हात लावला.

नवव्या तारखेला निकाल लागला. चोरी आणि घरफोडीतून सुटका. विनापरवानगी आत शिरणं आणि परवान्याशिवाय हत्यारं बाळगणं, हे दोन्ही त्यांनी स्वतःच कबूल केलेलं, तेव्हा त्यात दोषी. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. मला काही कळेना. घाईवाल्यांनी समजावलं, "आज कामकाज संपेपर्यंत त्या बाकावर बसून राहायचं. हीच शिक्षा. मग घरी."

तेव्हा बारा वाजून गेले होते. बाबा मागच्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले तर शिपाई म्हणाला, "तुम्हाला शिक्षा नाही झाली."

"माहीत आहे," मी म्हणाले. तो निघून गेला.

साडेचार तास आम्ही तिथे बसून होतो. समोर कुणाच्या बांधाचा तंटा झाला, कुणाच्या म्हशीचा झाला. दुपारी कारकुनाला डुलकी लागली. बाबा हळू आवाजात बोलत होते, आईला बघायला गेले तो दिवस, मी पहिल्यांदा चालले ती खोली, सगळं क्रम सोडून. दोनदा आम्हाला गप्प बसवण्यात आलं. शिवणकामवाल्या बाई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि बाकाशी वाकून म्हणाल्या, "घरच्या कपाटाचं कुलूप अडतंय. पण आता तुम्हाला सांगायची चोरी झालीय."

"इकडचा परवाना काढतो आधी," बाबा म्हणाले.

शेवटी घाईवालेही आले आणि चक्क वीस मिनिटं बसले. "काका, माझं ऐकलं असतंत तर निर्दोष सुटला असतात," ते म्हणाले.

"हो ना," बाबा म्हणाले. "पण मग ते कुलूप कुणी उघडलं, हे तसंच राहिलं असतं."

पाचला दहा कमी असताना न्यायाधीश बाई उठल्या. सगळे उभे राहिले. बाबा थोडे उशिरा उठले, गुडघे आखडले होते. आम्ही आत्याकडे जेवून सकाळच्या बसने परत आलो.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मी उठले तर बाबा दाढी करून, कोर्टाचा पांढरा सदरा घालून बसले होते. "आता तारीख नाही, नाही का," ते म्हणाले. त्यांनी सदरा बदलला नाही. दिवसभर तोच घालून आपल्या दुकानात बसले.

त्यानंतर आम्ही आत्याकडे दोनदा गेलो, खटल्याशिवाय, नुसतेच. मग त्यांना बसची पायरी चढवेना. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. छापखान्यातले लोक अजून म्हणतात, त्या वर्षी तुझ्या सगळ्या रजा कोर्टात गेल्या. गेल्या खऱ्या. दुसऱ्या कशासाठी त्या राखून ठेवल्या होत्या, ते मला आठवत नाही.