बंद पडलेल्या जनुकाचा पट्टा

खेळण्यांच्या टोपलीतलं बदक एकदाच ओरडलं आणि गप्प झालं. लेक नुकतीच झोपली होती. मी श्वास रोखला. तिने नुसती कूस बदलली.

त्या बदकातला सेल केव्हाच संपत आलाय, तरी मनात येईल तेव्हा ते ओरडतं. टाकून देऊ म्हटलं की लेकीचे डोळे भरून येतात, म्हणून ते अजून घरात आहे.

तिची दुपारची झोप हीच माझी कामाची वेळ. प्रयोगशाळेत मी अर्धवेळ आहे. उरलेला वेळ मांडीवर लॅपटॉप आणि पाठीशी न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. बाळंतपणात ग्रंथालय सुटलं, चर्चासत्रं सुटली. जनुकांचे ते सार्वजनिक संग्रह तेवढे सुटले नाहीत. कुठल्या तरी दूरच्या शहरात कुणी माशाचं, उंदराचं, माणसाचं जनुक वाचतं आणि अक्षर न् अक्षर तिथे ठेवून देतं. ज्याला हवं त्याने उघडावं. नणंदबाई एकदा म्हणाल्या होत्या, "वहिनी, फुकट आहे म्हणतेस, म्हणजे काहीतरी खोट असणार." मी त्यांना चहा करून दिला.

त्या दुपारी मात्र संग्रह उघडून मी नुसतीच बसले होते. आमचं औषध आजारी पेशींमधलं एक जनुक बंद करतं, असा माझा दावा. प्रयोग दर वेळी मला तोंडघशी पाडायचा. औषध द्या, नका देऊ, जेलवर, म्हणजे नमुने तपासायच्या त्या लिबलिबीत पारदर्शक वडीवर, पट्टा तस्साच ठळक. म्हणजे जनुक चालूच. पुढच्या बैठकीपर्यंत हे सुटलं नाही तर विषय बंद करू, असं सर सकाळीच म्हणाले होते. विषयाबरोबर माझी अर्धवेळ जागाही जाणार, हे ते बोलले नाहीत. ते मला कळलं.

बदक पुन्हा ओरडलं. आणि मी टोपलीकडे बघतच राहिले. सेल संपलेलं बदक आवाज करतं, तर तो पट्टा तरी चालू जनुकाचाच कशावरून?

पट्टा उमटतो तो प्रायमरमुळे. प्रायमर म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा चिमुकला तुकडा. तो जिथे जाऊन चिकटतो, तिथल्याच प्रती निघतात आणि त्यांचाच पट्टा दिसतो. आमचे प्रायमर वारशाने आलेले. ज्यांनी ते बनवले ते थोरले संशोधक कधीच निवृत्त झाले होते, आणि फ्रीजरमधल्या त्यांच्या डबीवर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण त्यांच्या काळी माणसाची जनुकं पुरती वाचूनही झाली नव्हती.

प्रायमरची अक्षरं टाकून मी संग्रहात शोध लावला. त्या शोधाचं नाव ब्लास्ट. नवऱ्याचा फोन आला तेव्हा म्हटलं, ब्लास्ट लावलाय, नंतर बोलते. त्याने गॅस बंद केलास ना, असं अगदी गंभीरपणे विचारलं.

उत्तरं दोन आली. एक आमचं जनुक. दुसरी त्याचीच जुनी नक्कल, भलत्याच गुणसूत्रावर पडलेली. पेशी ती कधीच वापरत नाही, पण अक्षरं जवळजवळ तीच. चालू जनुकातून आरएनए निघतं आणि आम्ही तेच तपासतो, पण नमुन्यात डीएनएचा लवलेश उरला की आमचे प्रायमर त्या नकलेलाच धरून बसत. इतके दिवस आम्ही बंद पडलेल्या जनुकाचं ऐकत होतो.

नव्या प्रायमरची अक्षरं जुळवून देणारं पानही तिथेच होतं, तेही फुकट. मूळ आणि नक्कल जिथे वेगळी पडतात, नेमकी तीच जागा मी निवडली. लेक उठली तेव्हा नव्या प्रायमरची मागणी गेलेली होती. तिला उचलून मी घरभर नाचले. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. नाचणं तिला पटतं.

नवे प्रायमर आले तसा प्रयोग लावला. जेलखालचा दिवा लागला तेव्हा शेजारी लंबू उभा होता. आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात निराशावादी. औषध न दिलेल्या पेशी, ठळक पट्टा. औषध दिलेल्या पेशी, काळोख. मी तीनदा तोच प्रयोग केला, तीनदा तोच काळोख. लंबू म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न दिसल्याचा आनंद झालाय.

सरांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेला. मग जुनी डबी मागवून घेतली आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर लाल फुली मारली.

"विषय चालू," ते म्हणाले. "आणि बैठकीत पहिली तू बोलायचंस."

घरी येताना मी जिना चढले की उडले, आठवत नाही. आत्याच्या मांडीवरून उडी मारून लेक धावत आली. तिला सगळं सांगितलं: पेशीत एक खरं जनुक असतं, एक त्याची बंद पडलेली कॉपी असते, ती काहीच काम करत नाही, तीच आईला फसवत होती. नणंदबाईंनी तेवढ्यात विचारून घेतलं की तो फुकटचा संग्रह त्यांच्या मुलाच्या अभ्यासाला चालेल का.

लेक विचार करत होती. बदक तिच्या काखेत होतं.

"आई," ती म्हणाली, "काम करत नाही, तर मग पेशीने ती ठेवली कशाला?"