पहिल्या आवृत्तीतला मसणमामा

प्लेअरच्या वायरीच्या पिवळ्या पिनीच्या टोकावर हिरवट काहीतरी चढलं होतं आणि खिजर ते नखाने खरवडत होता. लाल पीन स्वच्छ, पांढरी स्वच्छ – म्हणजे आवाज येणार आणि चित्र तेवढं येणार नाही, हे कसं चालेल... एसटी बांबवडं सोडून चढाला लागली तरी त्याचं नख थांबलं नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला व्हीसीडी प्लेअर होता. केरबाच्या घरचा प्लेअर कायमच दुरुस्तीला गेलेला असायचा, म्हणून आपलाच न्यायचा, त्यांच्या टीव्हीला जोडायचा आणि तिथेच बघायचं. घरी परत येईपर्यंत दम धरवेल असं आता त्याला वाटत नव्हतं.

केरबा जाऊन महिना झाला होता. दर रविवारी अकराला येणारा त्याचा फोन एका रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही, तेव्हा खिजरने लावला, आणि केरबाच्या मुलीने, तेजस्वीने, तो उचलून सांगितलं. त्या क्षणी आपल्या मनात पहिल्यांदा काय आलं हे खिजरने कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आले ते बारा डबे. मग केरबा. मधे फार वेळ गेला नव्हता, पण क्रम हाच होता, आणि तेव्हापासून कागलच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीशी बसून नट-बोल्ट मोजून देताना त्याला तो क्रम पुनःपुन्हा दिसत होता.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या भागातल्या केबलवर शनिवारी रात्री भुताचे सिनेमे लागायचे. रबराचे मुखवटे, टोमॅटोच्या रसासारखं रक्त, हिंदीत डब केलेल्या किंकाळ्या. सिनेमे टुकारच होते. पण मधेमधे केबलवाल्याच्या ऑफिसातच वेताच्या खुर्चीवर घोंगडं पांघरून, हनुवटीखाली बॅटरी धरून एक माणूस यायचा – मसणमामा – आणि आताच दाखवलेल्या भुताची अशी काही खिल्ली उडवायचा, की भीती कुठल्या कुठे जायची. खिजरचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. एकच खोली, पडद्यापलीकडे अम्मी, हुसेनबी, झोपलेली; टीव्हीचा आवाज इतका बारीक, की दोघांना कान पुढे करून ऐकावं लागायचं. मामा काहीतरी बोलायचा, बायको तोंडात चादरीचं टोक कोंबायची आणि तिचे खांदे हलत राहायचे... काय बोलायचा तो? नेमकं काय?

पुढे केबलवाल्याने त्या सिनेमांच्या सीड्यांचे संच काढले, बारा डबे. पहिल्या आवृत्तीत मामा होता. ती थोडीच निघाली. दुसऱ्या आवृत्तीत सिनेमा दोन सीड्यांत बसावा म्हणून मामाला कापून टाकलं होतं. खिजरने जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांतून, निपाणी-इस्लामपूरपर्यंत हिंडून बाराही डबे जमवले – सगळे दुसऱ्या आवृत्तीचे. भूत मागून यायचं, हात वर करायचं, आणि जिथे मामा यायचा तिथे पडदा नुसता एकदा लुकलुकायचा.

पहिली आवृत्ती होती ती केरबाकडे. मलकापूरचा पिठाच्या गिरणीवाला माणूस, एका लायब्ररीचा माल मोडीत निघाला तेव्हा भेटलेला. "डबा घरातनं भाईर जायाचा न्हाय, खिजरभाई," त्याने तिथेच सांगून टाकलं होतं. "पन ऐकवतो की! दर रविवारी एक." आणि त्याने चौदा वर्षं ऐकवलं. पलीकडून गिरणीचा पट्टा थांबल्याचा आवाज यायचा, मग केरबा घसा खाकरायचा, मामाचा आवाज काढायचा – खिजर पोट धरून हसायचा. घरापासून पंचेचाळीस किलोमीटर. चौदा वर्षांत तो दोनदा मलकापूरला गेला. एकदा वीज नव्हती, एकदा प्लेअर नव्हता. तिसऱ्यांदा का गेलो नाही मी?

फोन झाला की तो ते सगळं बायकोला सांगायचा. पहिलीपहिली वर्षं ती ऐकून घ्यायची. मग एकदा, भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "आसं कवाच बोलला न्हाय तो." खिजर चिडला. तुला काय आठवतंय, त्याच्याकडे सीडी आहे, तो बघून सांगतोय. ती म्हणाली, "आसंल सीडी. मला याद हाय." शब्दाला शब्द वाढला. त्यानंतर तिने मामाचा विषय ऐकून घेणं सोडलं, आणि त्यानेही तिला काही सांगणं सोडलं. एवढ्या एका गोष्टीवरून काही घर मोडत नाही. मोडलंही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती इचलकरंजीला लेकीच्या, अर्शीच्या बाळंतपणाला गेली आणि राहिली, इतकंच. नातू आता बोलायला लागला होता.

तेजस्वी दारातच उभी होती. दूध डेअरीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, बापासारखीच रुंद कपाळाची पोर. "या काका. आई शेताकडं गेल्या. च्या ठेवू का आधी डबं बघतासा?"

"डबे," खिजर म्हणाला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिने फळीवरून पत्र्याची पेटी काढली. बाराही डबे ओळीने, पाठीवर केरबाच्या हाताने घातलेले आकडे. कव्हरवर घोंगड्यातला मामा – हाच, हाच तो! – खिजरने पहिला डबा उघडला, सीडी काढली, सवयीने खिडकीकडे धरली. तिच्यातून उजेड आला. एकदोन ठिकाणांहून नव्हे, चाळणीसारखा. चंदेरी थराचे पोपडे त्याच्या बोटांना चिकटले. त्याने दुसरी काढली. पाचवा डबा उघडला, नववा, बारावा. काहींचा थर नुसता फुंकरीने उडत होता.

"पावसाळ्यात फळीवर पानी गळतंय," तेजस्वी म्हणाली. "लई वर्सं झाली खराब हून."

"किती?"

"मी सातवीत हुते. बाबांनी एकेक लावून बघिटली, येक बी चालंना. मग पलेअर दिला भंगारवाल्याला."

खिजर हिशेब करत राहिला. ती सातवीत, म्हणजे बारा वर्षं तरी. बारा वर्षांतले रविवार... "मग फोनवर सांगायचा ते?"

तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मग कळला, आणि तिचा चेहरा पडला. "तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?"

आत जाऊन तिने तिचीच शाळेतली एक जुनी वही आणली, उरलेली पानं केरबाच्या अक्षराने भरलेली. रविवारी सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी बाबा लिहीत बसायचे, ती म्हणाली, कधी मला विचारायचे, तेजू, आज ह्या भुताला काय म्हणू? शेवटच्या पानावर, पुढच्या रविवारचं लिहून ठेवलेलं होतं. "वाचू का?"

तिने पान उजेडाकडे धरून वाचलं. सपाट, बातम्या वाचाव्या तशा आवाजात. भुताचे किडके दात डॉक्टरला दाखवण्याबद्दल काहीतरी होतं. विनोद साधाच होता. साधाही नव्हता, भिकार होता. आणि खिजरला कळत होतं की त्या रविवारी अकराला हेच पलीकडून आलं असतं, तर तो खुर्चीतून खाली पडेपर्यंत हसला असता.

"तेजस्वी," त्याने विचारलं, "फोन ठेवल्यावर... हसायचा का तो?"

तिने खरोखर आठवून बघितलं. खोटं सांगावं असं तिच्या मनात आलंही असेल, पण ती तशी पोर नव्हती. "आठवत न्हाय, काका. लगीच गिरण चालू करायचे. मग काय आयकू येनार?"

डबे न्या म्हणाली. त्याने नेले नाहीत. वही देऊ का म्हणाली, तेव्हा त्याने नुसती मान हलवली, आणि ती हो की नाही हे तिलाही कळलं नसावं, कारण वही तिच्याच हातात राहिली. चहा मात्र त्याने घेतला. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "चांगला माणूस होता," आणि हे आपल्याला खरं वाटतं की नाही याचा त्याने मनात शोध घेतला. लागला नाही.

परतीच्या गाडीत मागच्या बाकावर त्याने डोळे मिटले. मसणमामाचं खरोखरचं एक वाक्य – एकच, केबलवरचं, केरबाच्या आधीचं. त्याने खोली आठवली, चादर आठवली, बॅटरीच्या उजेडात हलणारे ओठ आठवले. ओठ हलत होते आणि आवाज केरबाचा येत होता, घसा खाकरून. तिला आठवत असेल. तिला विचारता येईल. काय विचारणार? तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, आता सांग, तो काय बोलायचा? आणि तिने सांगितलं, अगदी शब्द न् शब्द सांगितला, तरी तोच होता हे कशावरून ओळखणार मी? माझ्याकडे ताडून बघायला उरलंय काय?

केरबाने फसवलं म्हणून राग यावा, असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. मग त्याने केलं ते आपल्याचसाठी केलं म्हणून रडू यावं, असंही. दोन्हींची वाट पाहत तो बसून राहिला. बाहेर उसाचे फड, पत्र्याचे धाबे, पुन्हा ऊस. गाडीत कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्याने काही लागलं होतं आणि माणसं हसत होती, आणि खिजरच्या लक्षात आलं की ती कशाला हसताहेत हे जाणून घ्यावं असंसुद्धा आपल्याला वाटत नाहीये, आणि इतका वेळ वाट पाहूनही ना रडू येतंय ना राग – आत कुठेतरी एक जागा होती, सिनेमातून मामाला कापलं होतं तशी कापून घेतल्यासारखी स्वच्छ, आणि तिच्या दोन्ही कडा केव्हाच एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.