‘फ्यामिली रूम’चा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खरं म्हणजे आता पडदाही उरलो नाही. भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात, तापलेली कढई धरायचं फडकं झालो आहे. तेलानं काळा पडलो, कडेला जळलो. त्याचं मला काही वाटत नाही. माझा राग वेगळाच आहे आणि तो सोड्यानं धुतला तरी जात नाही. मुलांना रागाच्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात. मी सांगणार आहे. कारण उद्या हॉटेलात तुम्हीच जाणार आहात.

माझा जन्म आंधळगावचा. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे खुशाल नावाच्या विणकराच्या मागावर मी विणला गेलो. त्याची बायको गिरजाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, तो आडव्या सुताचा धोटा फेकायचा. त्यांची चिमुरडी रुखमिणी मागाखाली जाऊन बसायची आणि तयार होत आलेल्या कापडाला खालून बोट लावायची. मग वरून गिरजाबाई त्या उंचवट्यावर बोट टेकवून विचारायची, “कोन आहे व?” आणि खालून खुदकन हसू यायचं. मित्रांनो, आड लपणं म्हणजे खेळ असतो, असंच मी तेव्हा शिकलो.

माझ्या टोकाला तांबडे पट्टे होते. शेवटच्या पट्ट्याला तांबडं सूत संपलं. गिरजाबाईनं एका पातळातून उरलेलं हिरवं सूत काढलं आणि त्याची कांडी भरून दिली.

“पडद्याले पातळाचा रंग लावते का व?” खुशाल हसला.

“लावते. कोनाचं काय जाते?”

असा मी, तीन पट्टे तांबडे आणि एक हिरवा. भंडाऱ्याच्या भैय्याजींनी मला विकत नेलं, कारण त्यांच्या हॉटेलात नवीन सोय झाली होती. हॉलच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून एक खोली केली होती. आत एक टेबल, चार खुर्च्या आणि छताला पंखा. टिकाराम पेंटरनं वरच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं, ‘फ्यामिली रूम’. त्याच्याखाली मी लटकलो.

आमच्याकडे ‘फ्यामिली’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच. “माही फ्यामिली बिमार आहे” असं कोणी म्हटलं, की त्याची बायको आजारी आहे असं समजायचं. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, इथे घरंच्या घरं येतील, आजी येईल, पोरं येतील आणि मी त्यांच्यासाठी हलत राहीन.

सुरुवातीला तसं झालंही. सुट्टीच्या दिवशी जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस यायची. क्वार्टरमधली नवरा-बायको मुलांना घेऊन आत बसायची. मुलं माझ्याआड लपायची, मला ओढायची, जिलेबीचे हात मला पुसायची. तान्ह्याला पाजायला बसलेल्या एखाद्या आईला मी जरा निवांतपणा द्यायचो. त्या वेळी मी वाऱ्यानंसुद्धा हलत नसे. माझ्या साऱ्या नोकरीत तेवढं एक काम मला मनापासून आवडलं.

बाकी कामाचं काय सांगू? हॉलमधले पुरुष हात धुतले की सरळ माझ्याकडे यायचे. रुमाल खिशात ठेवून मला हात पुसायचे! तर्रीचे हात, पानाचे हात. वर म्हणायचे, “पडदा लय मळकट आहे जी भैय्याजी.” कोणी मळवलं? पण हाही माझा खरा राग नव्हे.

खरा राग असा. बाई नवऱ्याबरोबर आली तर ती फ्यामिली, तिला आत बसवायचं. बाई एकटी आली, किंवा दोघी मास्तरीणबाई मिळून आल्या, तर त्यांना खोलीत जागा नाही, कारण त्या फ्यामिली नाहीत. आणि हॉलमध्येही जागा नाही, कारण त्या बाया आहेत. मग त्यांनी बसायचं कुठे? भैय्याजी नुसते गल्ल्यावरून मान हलवायचे आणि त्या पदर सावरून परत जायच्या. कोणी भांडत नव्हतं, म्हणून हे कोणाला दिसतही नव्हतं. मला दिसायचं. मी दारातच होतो ना!

आणि एक मागच्या दाराकडची गोष्ट. त्या हॉटेलचे पोहे, तर्री, आलुबोंडे, पुडाची वडी, सगळं शकुंतलाबाई करायच्या. त्या भैय्याजींच्या पत्नी. गावोगावचे लोक भैय्याजींच्या हाताला चव आहे म्हणायचे. भैय्याजींनी कधी मिरची चिरली नव्हती! शकुंतलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, ताट वेटर जागेश्वरच्या हातात द्यायच्या आणि परत फिरायच्या. आपल्याच हॉटेलच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

मग बऱ्याच वर्षांनी नवतप्यातला, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हातला, तो दिवस आला. उन्हानं डांबर वितळत होतं. दुपारी एक बाई आपल्या मुलीला धरून हॉटेलच्या पायऱ्या चढली. मी आवाजावरून ओळखलं. गिरजाबाई! केस पिकले होते, कपाळ मोकळं होतं. बरोबरची उंच, वाळलेली मुलगी रुखमिणी होती.

रुखमिणीला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं. सकाळी लेखी परीक्षा झाली होती. दुपारी वजन, तपासणी आणि मुलाखत होती. घरून आणलेला डबा यष्टीतच राहिला आणि यष्टी नागपूरला निघून गेली. पोरगी पहाटेच्या चहावर होती. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तपासणीत ती अशी पडली असती, तर अशक्त म्हणून घरी पाठवली असती. तिला बसून चार घास खाता यावेत म्हणून गिरजाबाई साऱ्या बाजारात फिरून आली होती. पोह्यांच्या गाड्यावर उन्हात पुरुषांच्या गर्दीत उभं राहायचं, ते पोरीला झेपेना. खानावळवाल्यानं सांगितलं, इथे बाया बसत नाहीत. नव्या दोशाच्या दुकानात तर दारातूनच परतवून लावलं. आता आमचं हॉटेल राहिलं होतं.

“फ्यामिली आहे का संगं?” भैय्याजींनी विचारलं.

“हो जी. मी अन माही पोरगी.”

“तसं नाही बाई. मालक कुठी आहेत?”

“मालक वारले जी.”

“मंग फ्यामिली कशी झाली? एकट्या बाईले आपन बसवत नाही. हॉटेलचं नाव खराब होते.”

“एकटी कुठी आहो? दोघी आहो.”

“दोघी राहा का चौघी. मानूस नाही ना संगं.”

“आमी मानूस नाही, त मंग काय म्हशी आहो?”

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. भैय्याजी लाल झाले.

“खोली त खालीच दिसून राहिली,” गिरजाबाई म्हणाली.

“कोनी आलं म्हंजे?”

आम्ही आलोच आहोत, असं तिनं म्हणायला हवं होतं. पण तिची नजर पोरीवर होती. मित्रांनो, माझ्यामागे त्या वेळी पंखा फिरत होता. रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होता! चार खुर्च्या गार आणि पोरगी उन्हानं पडायला आलेली. मी कापडच ना, रागानं मला आग लागेल असं वाटलं.

तेवढ्यात रुखमिणीचा तोल गेला. तिनं आधाराला मलाच धरलं. माझ्या दोन कड्या तुटल्या, पण मी तिला सोडलं नाही. गिरजाबाईनं धावत येऊन तिला सावरलं, आणि तिचा हात माझ्या टोकावर पडला. हिरव्या पट्ट्यावर.

ती थांबली. तिनं पट्टा उलटा करून पाहिला, अंगठ्यानं चोळला. मग भैय्याजींकडे वळली. आवाज चढवला नाही.

“मालक पायजेत ना तुमाले, भैय्याजी? हे पाहा माहे मालक. इतले दिवस तुमच्याच दारात उभे आहेत. हा कपडा त्यायच्या हातचा आहे, अन हे हिरवं सूत माह्या हातचं. झाली ना आता फ्यामिली?”

आणि तिनं मला एका बाजूला सारलं, पोरीला आत नेऊन पंख्याखाली बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसली.

“दोन पोहे द्या, अन पोरीले दूध.”

“जागेश्वर!” भैय्याजी ओरडले. “त्या टेबलावर काही देऊ नको!”

जागेश्वर हातात ताटली घेऊन जागीच उभा राहिला. हॉलमधले सगळे आपापल्या ताटलीत मान घालून खाऊ लागले. मला या माणसांचाही राग आहे. आताच तर हसले होते!

मग स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून शकुंतलाबाई बाहेर आल्या. दोन्ही हातांत पोहे, कपाळावर घाम.

“तू आत जाय,” भैय्याजी म्हणाले.

“आतच आहो जनमभर. पोहे मी केले, मीच देईन.”

त्यांनी ताटल्या ठेवल्या, दुधाचा पेला आणला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. “हळू खाय बाई. ठसका लागन.”

भैय्याजींना आता दुसरं काही सुचेना. ते म्हणाले, “पडदा त लावा!”

“कायले?” गिरजाबाई म्हणाली. “जेवून राहिलो. चोरी नाही करून राहिलो.”

त्या दोघी खाऊन, पैसे देऊन निघून गेल्या. दुसऱ्याच दिवशी भैय्याजींनी मला खाली ओढलं, ‘अपशकुनी’ म्हटलं आणि राखेच्या ढिगावर फेकलं. माझ्या जागी फुलाफुलांचा नायलॉनचा पडदा आला. इतकी वर्षं लोकांचे हात पुसले, आया झाकल्या, आणि शेवटी अपशकुनी! का, तर एक भुकेली पोरगी जेवली म्हणून.

शकुंतलाबाईंनी मला राखेतून उचललं. माझे तुकडे केले. हिरव्या पट्ट्याचा तुकडा मात्र त्यांनी आपल्या खांद्यासाठी ठेवला. तोच मी.

त्या मुलाखतीचं काय झालं, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. कढया धरत मी तेवढाच विचार करायचो. मग एका दुपारी हॉलमधली बोलणी एकदम थांबली. शकुंतलाबाई उंबऱ्याशी आल्या, त्यांच्या खांद्यावरून मीही पाहिलं. पांढरं पातळ, छातीवर घड्याळ, पायाशी ट्रंक. रुखमिणी! सिहोऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून हजर व्हायला निघाली होती, बसला वेळ होता. ती एकटी आली होती आणि हॉलच्या मधल्या टेबलावर बसली होती. एवढ्यानंच साऱ्यांचे घास थांबले होते. मला सांगा, एक बाई खुर्चीवर बसली तर पन्नास जबडे का थांबावेत?

भैय्याजी आता थकले होते. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं, “बाई, फ्यामिली...”

“मीच आहो, भैय्याजी,” ती म्हणाली. “पोहे सांगा. अन काकू आहेत का?”

शकुंतलाबाई मला हात पुसत पुढे गेल्या. रुखमिणीनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तिला मी दिसलो. जळका, काळा. तिनं माझा हिरवा पट्टा हातात घेतला, खालून बोट लावलं आणि हळूच विचारलं, “कोन आहे व?” मला हसू फुटणार होतं. पण पडदे हसत नाहीत.

“बसा ना काकू,” ती म्हणाली.

शकुंतलाबाईंनी गल्ल्याकडे पाहिलं. भैय्याजी ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागले. मग त्या बसल्या. आधी खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतानं. मग जरा मागे सरकल्या. मग पाठ टेकली. जागेश्वरनं न सांगता दुसरी ताटली आणली. शकुंतलाबाईंनी आपल्याच हातच्या पोह्यांचा एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “अवो बाई! मीठ जास्त झालं व. इतली वर्सं कोनं सांगतलं नाही मले.”

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा. मी म्हणत नाही. तो नायलॉनचा पडदा अजून त्या दारात आहे, ती पाटीही आहे, आणि अजूनही कोणीतरी पायऱ्यांवरूनच परत जातं. म्हणून माझा राग गेला नाही. तुम्ही हॉटेलात जाल तेव्हा आई कुठे बसली ते पाहा. तुमच्यासाठी ताटली भरून कोणी आत उभी असेल, तर तिला आधी हाक मारा, “बसा ना काकू.” तिच्यासाठी खुर्ची ओढा. आणि मध्ये माझ्यासारखा कोणी लोंबत असेल, तर त्याला खुशाल बाजूला सारा. त्याच्या कड्या तुटल्या तरी चालतील.