दौलत परबाचा स्टार्ट

गिरगावात अच्युतराव धैर्यवानांचं कुणी ऐकत नसे. कचेरीत साहेब बोलायचा, घरी यशोदाबाई बोलायच्या आणि पेन्शनीत आल्यावर तर शेजारचा पोपटही त्यांचं वाक्य मध्येच तोडायचा. लालबागेत मात्र दर रविवारी तीस माणसं तोंड उघडं टाकून त्यांचं ऐकत. मालवणाकडच्या एका गावातल्या गिरणीकामगारांनी मिळून खोली घेतली होती, तिथे ते इंग्रजी शिकवत. फुकट. म्हणजे मालनबाईंच्या खानावळीतलं बांगड्याचं तिखलं सोडलं, तर फुकट.

व्याकरण त्या मंडळींना गोड लागत नसे. शब्दांची कुळी सांगा म्हणत. मग अच्युतराव शनिवारी घरचा जाडजूड कोश चाळत आणि रविवारी तेच जणू जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगत.

छप्पन सालच्या एका रविवारी धोंडू परब हा विणकर उठला. "मास्तर, मशीन स्टार्ट, पाळी स्टार्ट, संप पण स्टार्ट. ह्यो स्टार्ट इलो खंयसून?"

अच्युतरावांना ठाऊक होतं. शब्द हजार वर्षांचा म्हातारा, आणि तरुणपणी त्याचा सुरुवातीशी काडीचा संबंध नव्हता. अर्थ एवढाच, की उडी मारणं, दचकणं. झुडपातून ससा उठला की स्टार्ट, होडीची फळी खिळ्यातून निसटली की स्टार्ट. पुढे शर्यतीचे घोडे रेघेवरून उसळले, तेव्हा कुठे त्याला आरंभाचा वास लागला. यंत्रं तर अगदी शेपटाला आली.

एवढं सांगून तिखल्याकडे वळायचं, की झालं असतं. पण दिवस तापलेले. मुंबई आम्ही बांधली, तुम्ही नुसते हमाल, असं कुणी ना कुणी शेठ रोज म्हणत होता. धोंडूनं हळूच पुढे विचारलं, "का ह्येच्यातसुद्धा आमचां कायच नाय?"

तीस तोंडं उघडी होती. अच्युतरावांची जीभ सैल सुटली.

"धोंडू, तुझा आजा गिरणीत होता ना रे?"

"होतो. दौलत परब. पट्ट्यात हात गेलो त्येचो."

"मग ऐक तर. परळच्या गिरणीत पहिलं इंजिन आलं. विलायती इंजिनेर, पण पट्टा चढवायची छाती होईना. दौलत पुढे झाला. नुसत्या हातानं चाकावर पट्टा फेकला! हात गेला, पण पट्टा बसला! चाक असं गरजलं, की साहेब तीन फूट वर उडाला. त्याची टोपी गेली वरच्या फिरत्या दांड्यात आणि खाली आली ती फीत होऊन. साहेबानं त्याच दिवशी विलायतेला लिहिलं, दौलत परबानं आज आम्हाला स्टार्ट दिला. तेव्हापासून सगळं जग यंत्र सुरू करायला स्टार्ट म्हणतं!"

खोलीत असा गजर झाला, की शेजारच्या पाळण्यातलं पोर रडत उठलं. साठ वर्षांत अच्युतरावांसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्यांनी चक्क मान लववून ती घेतली.

महिन्याभरानं धोंडू गिरगावात निमंत्रण घेऊन आला. दसऱ्याला त्याच खोलीत वाचनालय उघडायचं होतं. नाव, कैलासवासी दौलत परब वाचनालय. खाली लहान अक्षरांत, जगाला स्टार्ट देणारे.

अच्युतरावांना जेवण गेलं नाही. दसऱ्याला ते तासभर आधीच लालबागेत पोचले, पिशवीत कोश घालून. सांगून टाकायचं ठरवूनच.

"धोंडू, जरा बाजूला ये. ती आजाची गोष्ट..."

"थांबा मास्तर, आवशीक भेटा आधी!"

धोंडूची आई शांता दाराशी लावलेल्या नावाच्या फळीखालीच बसली होती. ऐंशीची असेल. वाचता येत नव्हतं, म्हणून रंगवलेल्या अक्षरांवरून नुसता हात फिरवून आली होती.

"मास्तरानू," ती म्हणाली, "थोट्याची सून म्हणत माका. पाणी भरूक गेलंय, तरी थोट्याची सून. गिरणीवाल्यांनी सासऱ्याक हाकलून दिल्यानी, गावात लोक हसले. हात कित्याक गेलो, ता कोणी सांगूकच नाय. तुमी सांगलात."

पिशवी अच्युतरावांच्या हाताला जड झाली. त्यांनी ती पाठीमागे घेतली.

"काय सांगत होतात मास्तर?" धोंडूनं विचारलं.

"काही नाही रे. फळी छान झालीय."

मग गाऱ्हाणं सुरू झालं. मालवणी माणूस देवाला सांगितल्याशिवाय काही आरंभत नाही, आणि सांगितलेल्यावर सगळ्यांनी होकार भरायचा असतो. नारळ हातात घेऊन धोंडूनं हाळी दिली.

"बा देवा रवळनाथा! आज तुझी लेकरां वाचनालय उघडतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या दौलताक लोक हसले, त्येचां नाव आज दारार लागलां रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या मास्तरान आमका कधी खोटां अक्षर शिकवूक नाय, त्येका शंभर वर्षां दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अच्युतराव गप्प होते. शांताबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. "मास्तर, म्हणा. एक जण गप रवलो तर गाऱ्हाणां देवाक पावना नाय."

मालनबाई दारातून ओरडल्या, "लाजतत ते! स्वतःचो मोठेपणा ना!"

सगळे हसले. धोंडूनं नारळ पुन्हा वर धरला, तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि यावेळी बाकीचे मुद्दाम गप्प राहिले. मास्तरांसाठी जागा सोडून.

"होय महाराजा," अच्युतराव म्हणाले. एकटेच. गिरगावी, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं.

नारळ फुटला. पानं मांडली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. मानाचं पान अच्युतरावांचं, शांताबाईंच्या शेजारी. पंगत त्यांच्या हाताकडे बघत थांबली.

"मास्तर, तुमी हात घाला," धोंडू म्हणाला, "मगे आमी."

अच्युतरावांचा हात मांडीवरून उठेना.