सगळे डावरे

मीनलने डाव्या हातातली बोथट तलवार सरळ केली, टेबलावर उघड्या ठेवलेल्या पुस्तकातल्या चित्राकडे एकदा पाहिलं आणि पाऊल पुढे टाकलं. समोरच्या गोऱ्या तरुणाला मागे सरावं लागलं. २००७ च्या सप्टेंबरातला रविवार होता. लंडनमधल्या हॅरोजवळच्या चर्चच्या त्या हॉलमध्ये तिचे वडील शशिधर प्लास्टिकच्या खुर्चीवर, मोदकांचा डबा मांडीवर सांभाळत बसले होते. बायकोने, सुनेत्राने, बजावून पाठवलं होतं, प्रसाद लेकीच्या हातात द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

यातलं दुसरं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मीनल लहान असताना स्टॅनमोरच्या गणपतीत तिने प्रसादासाठी डावा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी चारचौघांत त्या हातावर चापट मारली होती. मोठी झाल्यावर तिने गणपतीला येणंच सोडलं. का ते कोणी विचारलं नाही, कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज मात्र तिने आपणहून फोन करून बोलावलं होतं, आणि शशिधर सकाळपासून हरखून गेले होते.

मधल्या सुट्टीत ती घाम पुसत, पुस्तक घेऊनच आली.

“बाबा, हे बघा. फेन्सिंगचं मॅन्युअल, चारशे वर्षांपूर्वीचं. ही त्याची कॉपी. आम्ही यातूनच शिकतो. आणि लुक, सगळे लेफ्ट-हँडेड!”

फुगीर विजारी घातलेले, मिशांना पीळ दिलेले पुरुष. प्रत्येकाची तलवार डाव्या हातात. कोपऱ्यात एकजण लिहीत बसला होता, तोही डाव्याच हाताने.

शशिधरांची सगळी नोकरी एक्स-रे वाचण्यात गेली होती. हृदय उजवीकडे दिसलं तर पेशंटवर संशय घ्यायच्या आधी फिल्म उलटी लागली आहे का ते बघायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. इथेही तेच झालं होतं. कुणा नक्कल करणाऱ्याने मूळ छापील चित्र जसंच्या तसं तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, आणि कागदावर ते उलटं उमटलं. ही माणसं चांगली उजव्या हाताची होती.

वाक्य अगदी ओठांवर आलं. मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला. इतकी खूश ती त्यांना कित्येक वर्षांत दिसली नव्हती. त्यांनी वाक्य गिळलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “ह्याचा पाय बघ कसा पडलाय. तुझाही तसाच पडत होता.”

मीनल त्यांच्याकडे बघतच राहिली. मग शेजारच्या खुर्चीवर बसली.

“चित्र उलटं आहे, बाबा. मिरर इमेज. मला पहिल्या वीकमध्येच कळलं.”

“मग मला तू...”

“तुम्हाला दिसणार, माहीत होतं. बोलता का, ते बघायचं होतं.”

पोरीने परीक्षा घेतली होती, आणि जन्मभर वटवट करणारा माणूस गप्प बसून पास झाला होता. शशिधरांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डबा उघडला.

“आईने मोदक दिलेत. गणपतीचा प्रसाद.”

मीनल जरा घुटमळली. मग हातमोजे काढून तिने हात पुढे केला. उजवा. सवयच ती.

शशिधरांनी मोदक उचलला, पण तिच्या तळव्यावर ठेवला नाही.

“तो नाही,” ते म्हणाले.