उलटी पाटी

पैज लागली ती सलूनच्या बाकावर, आणि तीही एका बादलीवरून.

सलूनवाल्याला दुकानात लावायला स्वतःचा फोटो हवा होता. टेलरने मोबाइलवर काढून दिला, पण फोटोत माणूस कमी आणि पसारा जास्त. मागे बादली, लोंबते टॉवेल, बाजूच्या भिंतीवर लांबलचक आरसा, आणि उघड्या दारातून दिसणारा अख्खा रस्ता.

"तासाभरात सगळं गायब करतो," शेजारच्या जुन्या स्टुडिओचा फोटोमास्तर म्हणाला.

"भाऊजी, नुसतं गायब करून भागत नाही," समोरचा नवा स्टुडिओवाला हसत म्हणाला.

झालं! हा नवा स्टुडिओवाला म्हणजे मास्तरच्या बायकोचा धाकटा भाऊ. कॅमेरा धरायला मास्तरनेच शिकवलेला. आता नेमकं समोरच दुकान, त्यावर लालभडक पाटी, आणि घरी बायकोचं उठता-बसता एकच, "आमच्या धाकट्याच्या फोटोत माणूस कसा उठून दिसतो!" मेहुण्याकडे गिऱ्हाईक शिंकलं तरी सर्दी मास्तरला व्हायची.

"लावा पैज," टेलरने काडी टाकली. "दोघांनी हाच फोटो साफ करायचा. फोटो दाखवीन आणि लगेच झाकीन. ज्याच्या फोटोत पहिल्या नजरेत चेहरा दिसला तो जिंकला. हरेल त्याने रविवारी भर रस्त्यात जिंकणाऱ्याच्या गिऱ्हाइकामागे चादर धरून उभं राहायचं. पडदा म्हणून!"

तेवढ्यात मास्तरची बायको भाजीची पिशवी घेऊन आली. "आणि पहिलं गिऱ्हाईक मी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझा एक धड फोटो नाही घरात. जिंकेल त्याच्याकडेच काढणार."

मास्तरला टोमणा बरोबर लागला. गावभर फोटो, आणि दिव्याखाली अंधार!

तो कामाला बसला. बादली पुसायला घेतली, पण नजर दाराकडे. दारातून मेहुण्याची ती लालभडक पाटी डोकावत होती. "आधी तू!" मास्तर पुटपुटला. एकेक अक्षर खरवडून काढलं, त्यावर भिंतीचा रंग चढवला, परत मोठं करून बघितलं, परत घासलं. पाटी गेल्यावर असा गारवा वाटला की सांगता सोय नाही. मग बादली आणि टॉवेल घाईघाईत उरकले.

दुसऱ्या दिवशी बाकाभोवती गल्ली जमली. टेलरने मास्तरचा फोटो वर धरला आणि झाकला.

"काय दिसलं?"

"लाल काहीतरी!" सगळे एकदम.

"उलटी अक्षरं," सलूनवाला म्हणाला. "आरशात."

मास्तरने फोटो हिसकावला. दारातली पाटी गेली होती, पण आरशात तीच उलटी होऊन ठसठशीत बसली होती. बाकी सगळं साफ, त्यामुळे आणखीच उठून दिसत होती.

"अहो मास्तर, पैज जिंकायला बसलात की मेहुण्याची जाहिरात करायला?" टेलर पोट धरून हसला.

मग मेहुण्याचा फोटो. बादली होती, टॉवेल होते, आरसाही होता, पण सगळं जरा अंधारलेलं, रंग उतरलेले, गपगुमान मागे बसलेलं. पुढे सलूनवाल्याचा चेहरा, मिशीसकट. आणि पाटी? दारातलीही नाही, आरशातलीही नाही.

"स्वतःची पाटी पुसलीस?" मास्तरच्या तोंडून निघून गेलं.

"नजर खेचत होती, भाऊजी."

हे मात्र मास्तरला हरण्यापेक्षा जास्त झोंबलं.

रविवारी रस्त्यात खुर्ची मांडली. मास्तर दोन्ही हात वर करून चादरीमागे उभा. पुढे बायको खुदूखुदू हसत होती. पंचवीस वर्षांत ती आपल्या कॅमेऱ्यासमोर अशी कधी हसली, हे त्याला आठवेना. आणि आता दिसतही नव्हतं.

"भाऊजी, चादर वर! तुमची बोटं येताहेत. असू देत, नंतर पुसतो."

"बोटं पुसलीस तर बघ," बायको म्हणाली. "तेवढेच आहेत ते फोटोत."

मग मास्तरची दोन बोटं हळूच सरकत बरोबर बायकोच्या डोक्यामागे आली आणि शिंगांसारखी ताठ उभी राहिली.

अख्खी गल्ली हसली, आणि मेहुण्याने बटण दाबलं.